एनबीए सॅलरी कॅप आणि फ्री एजन्सी: आमच्या ग्रुपवर दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी १ जुलैला पहाटे साडेतीनला, म्हणजे न्यूयॉर्कात ३० जूनची संध्याकाळ सहा वाजलेले असतात तेव्हा, एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फ्री एजन्सी (करार संपलेल्या प्लेअर्सना कुठल्याही टीमशी बोलणी करायची मोकळीक) उघडते आणि चार वाजेपर्यंत आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. अमक्याला लेकर्स का घेत नाहीत, तमक्याला त्याच्याच टीमने का सोडलं, मालकाकडे इतके पैसे आहेत तर अडलंय कुठे. पहाटे अर्धवट झोपेत टाइप करून माझी बोटं दुखली, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आकडे मिलियन डॉलरमध्ये आहेत. एक मिलियन म्हणजे दहा लाख डॉलर, रुपयात नऊ कोटींच्या आसपास धरा. हजार मिलियन म्हणजे एक बिलियन. वर्ष दिलं नसेल तिथे २०२५-२६ च्या सीझनचा आकडा समजा.

सॅलरी कॅप म्हणजे आयपीएलची पर्सच ना?

निम्मं बरोबर. आयपीएलच्या २०२५ च्या मेगा ऑक्शनला प्रत्येक टीमकडे १२० कोटी होते, त्यातच रिटेन्शन, त्यातच पंतचे २७ कोटी, आणि संपले की संपले. एनबीएमध्ये पण टीमच्या एकूण पगारासाठी आकडा आहे, २०२५-२६ ला १५४.६ मिलियन, पण तो ओलांडता येतो. अगदी राजरोस. सीझन चालू असताना बहुतेक सगळ्या टीम्स त्याच्या वरच असतात. म्हणून याला सॉफ्ट कॅप म्हणतात.

मग कॅपचा उपयोग काय? तर कॅपच्या खाली असताना तुम्ही बाजारातून कोणालाही उचलू शकता, जितकी जागा तितका पगार. कॅपच्या वर गेलात की मोकळेपणाने खरेदी बंद, आता फक्त नियमात लिहिलेल्या अपवादांतून माणसं आणायची. त्या अपवादांना एक्सेप्शन म्हणतात. फ्री एजन्सीतली निम्मी भांडणं टीमकडे पैसे आहेत की नाहीत यावर नसतातच, टीमकडे कुठलं एक्सेप्शन शिल्लक आहे यावर असतात. प्लेअरला यायचंय, टीमला हवाय, मालक चेक फाडायला तयार आहे, तरी सौदा होत नाही, असं दरवर्षी होतं.

हा आकडा ठरतो कसा?

लीगची बास्केटबॉलमधून जी कमाई होते, टीव्ही, तिकिटं, जर्सी वगैरे, तिचा जवळपास निम्मा वाटा प्लेअर्सचा असा करार आहे, आणि त्यावरून पुढच्या सीझनची कॅप निघते. २०११ च्या लॉकआउटच्या (नवा करार होईपर्यंत मालकांनी खेळ बंद ठेवला, त्याच्या) आधी हा वाटा ५७ टक्के होता, भांडून भांडून मालकांनी तो पन्नासच्या आसपास आणला, त्या वर्षी सीझन ख्रिसमसला सुरू झाला आणि ८२ च्या ऐवजी ६६ मॅचेस झाल्या.

१९८४-८५ ला आजच्या पद्धतीची कॅप आली तेव्हा आकडा होता ३.६ मिलियन. अख्ख्या टीमचा. आज दहा वर्षं खेळलेल्या माणसाचा किमान पगार त्याच्याच आसपास आहे.

बर्ड राइट्स हा काय प्रकार आहे? पक्ष्याचा काय संबंध?

पक्षी नाही हो, लॅरी बर्ड, बॉस्टन सेल्टिक्सचा. आपला स्वतःचा प्लेअर ठेवायचा असेल तर कॅपच्या वर जाऊनही त्याला साइन करता येतं, या नियमाला त्याचं नाव चिकटलं. हा नीट समजला की पुढचं बरंचसं सोपं जातं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तीन पायऱ्या आहेत. टीम न सोडता तीन सीझन काढले की पूर्ण बर्ड राइट्स, म्हणजे टीम त्याला मॅक्सपर्यंत (एका प्लेअरला देता येणारा सगळ्यात जास्त पगार, तो पुढे येतोच) काहीही देऊ शकते, पाच वर्षांचा करार, दरवर्षी ८ टक्के वाढ. बाहेरची टीम चारच वर्षं आणि ५ टक्के वाढ देऊ शकते, त्यामुळे घरच्या टीमचं पारडं मुळातच जड. दोन सीझन झाले असतील तर अर्ली बर्ड, म्हणजे मागच्या पगाराच्या १७५ टक्क्यांपर्यंत किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या जरा वर, यातलं जे जास्त ते. आणि एकच सीझन झाला असेल तर नॉन-बर्ड, मागच्या पगाराच्या १२० टक्के, बस.

आता ब्रूस ब्राउनची गोष्ट बघा, मला ही सगळ्यात आवडते. २०२२ ला तो डेन्व्हरला आला साडेसहा मिलियनवर. पुढच्या जूनमध्ये डेन्व्हर चॅम्पियन, फायनल्समध्ये हा पठ्ठ्या चौथ्या क्वार्टरला धडाधड बास्केट टाकत होता, परेडमध्ये काउबॉय हॅट घालून फिरला, सगळं शहर त्याच्या प्रेमात. पण एकच सीझन झालेला, म्हणजे नॉन-बर्ड. साडेसहाचे १२० टक्के किती? पावणेआठ. डेन्व्हर त्याला पावणेआठ मिलियनच्या वर एक डॉलर देऊ शकत नव्हतं, मालकाने घर विकलं असतं तरी. इंडियानाकडे कॅप स्पेस होती, त्यांनी दोन वर्षांचे ४५ मिलियन पुढे केले. तुम्ही काय केलं असतं? लोक म्हणाले पैशासाठी गेला. अरे, तिप्पट पगार सोडून कोण थांबतं. आणि पुढचं ऐका, २०२५ च्या जुलैला तोच ब्राउन मिनिमम करारावर परत डेन्व्हरला आला.

मधल्या पायरीचं उदाहरण मलिक मंक, सॅक्रमेन्टो किंग्ज. (मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिव्यांची टीम ती, २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन प्रीसीझन मॅचेस खेळायला आणली होती, पहिली ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटने हरले.) २०२४ ला मंक फ्री एजंट झाला तेव्हा त्याचे दोन सीझन झालेले, म्हणजे अर्ली बर्ड, आणि गणित करून आकडा बसतो चार वर्षं ७८ मिलियन. किंग्जनी पूर्ण ७८ ठेवले, बाहेर जास्त मिळायची शक्यता होती, तरी तो थांबला. हे क्वचित होतं.

कॅप होल्ड म्हणजे काय? प्लेअर साइनच केला नाही तरी त्याचा पगार कसा काय मोजतात?

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तेच. तुमच्या प्लेअरचा करार संपला, पण बर्ड राइट्स वापरून त्याला परत घ्यायचा हक्क तुम्हाला ठेवायचाय, तर त्याच्या नावाने एक आकडा तुमच्या कॅपवर बसून राहतो. तो म्हणजे होल्ड. नाहीतर काय झालं असतं, करार संपले की टीम म्हणाली असती बघा आमच्याकडे कोणीच नाही, सगळी कॅप मोकळी, मग बाहेरचे दोन स्टार घ्यायचे आणि नंतर बर्ड राइट्सने आपले जुने परत घ्यायचे. होल्ड नको असेल तर हक्क सोडून द्यायचा, रुमाल उचलला की जागा गेली.

मजा कुठे आहे, तर रुमाल कधीकधी माणसापेक्षा खूप छोटा असतो. रूकी करार (लीगमध्ये नवीन आल्यावरचा पहिला करार) संपलेल्या पोराचा पगार कमी असतो म्हणून त्याचा होल्डही कमी. २०१५ ला सॅन अँटोनियो स्पर्सच्या कवाय लेनर्डचा होल्ड होता सव्वासात मिलियनच्या आसपास आणि त्याला मिळणार होता मॅक्स, म्हणजे सोळाच्या वर. दोघांचं आधीच ठरलं, कवायने सही लांबवली, तेवढ्या वेळात स्पर्सनी टियागो स्प्लिटरला अटलांटाला पाठवलं, मोकळ्या जागेत लामार्कस ऑल्ड्रिजला साइन केलं, आणि मग बर्ड राइट्सने कवायला त्याचे पूर्ण पैसे दिले. आधी लगीन कोंढाण्याचं. क्रम उलटा झाला असता तर ऑल्ड्रिज आलाच नसता.

फिलाडेल्फियाने २०२४ ला हेच केलं. टायरीज मॅक्सीला वर्षभर आधी एक्स्टेन्शन (करार संपायच्या आत वाढवून) देता येत होतं, दिलं नाही, लोकांनी केवढी बोंब मारली. पण होल्ड १३ मिलियन आणि मॅक्सचा पहिला पगार ३५, म्हणजे २२ मिलियनची जागा नुसती सही लांबवून मिळाली, आणि त्यात पॉल जॉर्जचा चार वर्षांचा २१२ मिलियनचा करार बसला. आता तो करार पुढे त्यांना किती झेपला हा वेगळा विषय. आपल्या इथे होल्डचं चाललंय, अकलेचं नाही.

कॅपच्या वर असलेल्या टीमला बाहेरचा प्लेअर घ्यायचा असेल तर?

मिड-लेव्हल एक्सेप्शन. याचे तीन साइझ आहेत. कॅपच्या वर पण फार वर नाही अशा टीमला १४.१ मिलियनचं, लक्झरी टॅक्समध्ये (एका रेषेच्या वरच्या पगारावरचा दंड, तो पुढे येतो) खोल गेलेल्यांना ५.७ चं, आणि कॅप स्पेस वापरून संपवलेल्यांना ८.८ चं. याशिवाय ५.१ चं एक छोटं, दर दोन वर्षांनी एकदा मिळणारं. आणि मिनिमम करार कितीही.

मिनिममची एक गंमत आहे, जास्त वर्षं खेळलेल्याचा मिनिमम जास्त असतो, दहा वर्षंवाल्याचा ३.६ मिलियन, मग टीम्स म्हणतील म्हातारा कशाला घ्या, पोरगं स्वस्त पडतं. म्हणून एका वर्षाच्या करारावर टीमच्या खात्यात फक्त २.३ मोजतात आणि वरचे लीग भरते. जुन्याजाणत्यांना दरवर्षी नोकरी मिळते त्यात या नियमाचा हात मोठा.

लेब्रॉन जेम्ससारख्या स्टारला बाजारात शंभर मिलियन सहज मिळतील, मग देत का नाहीत?

कारण वैयक्तिक मर्यादा पण आहे. सहा वर्षांपर्यंत खेळलेला असेल तर कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षं ३०, दहाच्या पुढे ३५. २०२५-२६ च्या कॅपवर ३८.७, ४६.४ आणि ५४.१ मिलियन.

हे आधी नव्हतं. १९९७-९८ ला मायकल जॉर्डनचा पगार ३३ मिलियन होता आणि अख्ख्या टीमची कॅप सत्तावीसच्या आत. एकटा माणूस कॅपपेक्षा मोठा! त्याच सुमारास मिनेसोटाने एकवीस वर्षांच्या केव्हिन गार्नेटला सहा वर्षांचे १२६ मिलियन दिले आणि मालकांचे धाबे दणाणले. पुढच्या वर्षी लॉकआउट, ५० मॅचेसचा सीझन, आणि त्यातून मॅक्स करार आला.

याचा फ्री एजन्सीवर परिणाम असा की खरा सुपरस्टार नेहमी स्वस्तच पडतो. सगळ्यांना मॅक्सच द्यायचाय, मग पैशावर बोली लागतच नाही, मग प्लेअर बघतो हवामान, मित्र, कोच, जिंकायची शक्यता. लेब्रॉन, वेड आणि बॉश २०१० ला मायामीत एकत्र आले ते त्यामुळेच शक्य झालं, वर तिघांनी थोडं थोडं कमी घेतलं. पगाराला मर्यादा नसती तर त्याच्या जुन्या टीमने, क्लीव्हलंडने, लेब्रॉनपुढे नुसती पैशांची रास ओतली असती.

सुपरमॅक्स मग वेगळं काय?

लीग आणि प्लेअर्सच्या युनियनच्या २०१७ च्या करारात आलं. ऑल-एनबीए (सीझनच्या सर्वोत्तम प्लेअर्सची यादी), एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेअर) वगैरे मिळवलं असेल तर सात-आठ-नऊ वर्षंवाल्यालाही ३५ टक्के, पण ते फक्त त्याची स्वतःची टीम देऊ शकते. पहिली मोठी सही स्टेफ करीची, पाच वर्षं २०१ मिलियन. २०२५ ला शे गिल्जस-अलेक्झांडरने ओक्लाहोमाबरोबर चार वर्षांचे २८५ केले. हेतू होता की स्टार घरी राहावा. राहतात, पण त्यांच्या शेजारी बसवायला कोणी परवडत नाही.

२०१६ ला नेमकं काय झालं? लोक अजून चिडतात.

चिडणारच. नवा टीव्ही करार लागू झाला आणि कॅप एका उन्हाळ्यात ७० वरून थेट ९४.१ मिलियनवर गेली. लीगने सुचवलं होतं की ही वाढ दोन-तीन वर्षांत हळूहळू करू, प्लेअर्सच्या युनियनने नाही म्हटलं. बरं, नाही का म्हणू नये त्यांनी? पैसे त्यांचेच होते.

पण झालं काय, लॉटरी लागल्यासारखी जवळपास प्रत्येक टीमकडे कॅप स्पेस आली आणि त्या उन्हाळ्यात फ्री एजंट होते मोजके. लेकर्सनी टिमोफे मोझगॉव्हला चार वर्षांचे ६४ मिलियन दिले, लुओल डेंगला ७२. मेम्फिसचा माइक कॉनली १५३ मिलियनवर एनबीएच्या इतिहासातला तेव्हाचा सगळ्यात मोठा करार घेऊन गेला, ज्याने तोवर एकही ऑल-स्टार गेम खेळला नव्हता (प्लेअर सोन्यासारखा, तक्रार नाही).

आणि ७३ मॅचेस जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडेही जागा झाली! करीच्या घोट्याच्या दुखापतींमुळे २०१२ ला त्याने चार वर्षांचे ४४ मिलियन घेतले होते, म्हणजे एमव्हीपी माणूस १२ मिलियनवर खेळत होता, त्यात कॅप २४ ने वाढली, बोगटला डॅलसला पाठवलं, हॅरिसन बार्न्सचे हक्क सोडले, आणि ४ जुलैला केव्हिन ड्युरंट आला. त्याच ओक्लाहोमाचा, जे महिन्याभरापूर्वी वॉरियर्सविरुद्ध ३-१ ने पुढे असून हरले होते. ड्युरंटला शिव्या घाला हवं तर, पण जागा दिली ती कॅपच्या उडीने. आता कॅप एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. ७६ बिलियनचा नवा टीव्ही करार २०२५-२६ ला सुरू झाला तेव्हा ती बरोब्बर दहा टक्के वाढली, १४०.६ वरून १५४.६.

रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट म्हणजे आरटीएम (राइट टू मॅच) कार्डच का?

हो, जवळपास. आयपीएलला हैदराबादने अर्शदीपवर १८ कोटी लावले आणि पंजाबने आरटीएमने मॅच करून त्याला परत नेलं, तसंच. रूकी करार संपलेल्या पोराला टीमने क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या ठरावीक कराराची ऑफर) दिली की तो रिस्ट्रिक्टेड होतो, बाहेरच्याने ऑफर शीट दिली तर जुनी टीम तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवू शकते.

यात डाव खेळतात. २०१२ ला न्यूयॉर्कच्या जेरेमी लिनला ह्यूस्टनने तीन वर्षांचे २५ मिलियन दिले पण रचना अशी की पहिली दोन वर्षं पाच-पाच आणि तिसऱ्या वर्षी एकदम जवळपास पंधरा. ह्यूस्टनच्या खात्यात त्याची सरासरी मोजली जाणार, न्यूयॉर्कने मॅच केलं असतं तर त्यांच्या खात्यात तिसऱ्या वर्षी पूर्ण पंधरा आणि त्यावर टॅक्स. न्यूयॉर्कने सोडला. पहिली दोन वर्षं पगार कमी ठेवायचा हा नियम ज्याच्या नावाने ओळखतात तो गिल्बर्ट अरीनास, २००३ ला वॉशिंग्टनने त्याला मोठी ऑफर दिली तेव्हा गोल्डन स्टेटला ठेवायचा होता पण पूर्ण बर्ड राइट्स नव्हते, मॅच करताच आलं नाही. मग नियम बदलला, की अशा पोरांना बाहेरच्यांनी पहिली दोन वर्षं मर्यादेतच पगार द्यायचा.

२०२५ ला मात्र या पोरांचे हाल झाले. जवळपास फक्त ब्रुकलिनकडे मोठी कॅप स्पेस होती, मग ऑफर शीट देणार कोण? जुन्या टीम्स निवांत. कुमिंगा, गिडी, ग्राइम्स, कॅम थॉमस सगळे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत लटकले. थॉमसने शेवटी ६ मिलियनची क्वालिफाइंग ऑफर घेतली, पुढच्या वर्षी तरी मोकळं होता येईल म्हणून. नावात फ्री आहे, बाकी काही नाही.

एप्रन, एप्रन ऐकतोय सगळीकडे. स्वयंपाकघरातला?

हसू नका, मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. शिडीच्या पायऱ्या समजा. १५४.६ ला कॅप. १८७.९ ला लक्झरी टॅक्स. १९५.९ ला पहिला एप्रन. २०७.८ ला दुसरा.

टॅक्स म्हणजे त्या रेषेच्या वर जितका पगार जाईल त्यावर लीगला दंड. सुरुवातीला डॉलरला डॉलर, मग सव्वा, मग एकदम साडेतीन, पावणेपाच. आणि मागच्या चारपैकी तीन वर्षं टॅक्स भरला असेल तर दुष्काळात तेरावा महिना, सुरुवातच तीनपासून. गोल्डन स्टेटने २०२१-२२ ला १७० मिलियन नुसता टॅक्स भरला आणि चॅम्पियन झाले. हेच बाकीच्या मालकांना खुपलं, की हा गडी पैशाने नियम विकत घेतोय. टॅक्स रेग्युलर सीझन संपतानाच्या पगारावर लागतो, म्हणून फेब्रुवारीत ट्रेड डेडलाइनला (टीम्सनी आपसात प्लेअर्सची अदलाबदल करायची शेवटची तारीख) कोणी एखादा बेंचवरचा प्लेअर नुसता देऊन टाकला की समजायचं रेषेखाली सरकायचंय.

२०२३ च्या करारात दुसरा एप्रन आला आणि खेळ बदलला, कारण त्याची शिक्षा पैशांची नाही, हात बांधायची आहे. दुसऱ्या एप्रनच्या वर गेलात तर मिड-लेव्हल नाही, ट्रेडमध्ये दोघांचे पगार एकत्र करून एक मोठा प्लेअर घेता येत नाही (म्हणजे २० आणि १० वाले दोघे देऊन ३० वाला नाही), रोख रक्कम पाठवता येत नाही, आणि सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधला (नव्या पोरांच्या निवडीतला) पहिल्या राउंडचा पिक, म्हणजे निवडायचा हक्क, गोठवतात. वर जाणं सोडलं नाही तर तो पिक राउंडच्या शेवटी ढकलतात.

बॉस्टनचं बघा. २०२४ ला चॅम्पियन. टेटम ३१४ मिलियनच्या करारावर, जेलन ब्राउनचाही तसलाच. मार्च २०२५ ला टीम विकायचं ठरलं ६.१ बिलियनला, म्हणजे पैशाची अडचण आहे असं म्हणायची सोयच नाही. मे महिन्यात टेटमचं अकिलीस (टाचेमागची शीर) फाटलं आणि उन्हाळ्यात ड्रू हॉलिडे पोर्टलंडला, पोरझिंगिस अटलांटाला, हॉरफर्ड गोल्डन स्टेटला, कॉर्नेट सॅन अँटोनियोला. पगार आणि टॅक्स मिळून बिल ५०० मिलियनच्या आसपास जाणार असं तेव्हा सगळीकडे छापून येत होतं. टेटम धडधाकट असता तर कदाचित अजून एक वर्ष ओढलं असतं, पण कधी ना कधी हे होणारच होतं. चांगली टीम बांधली की तीन वर्षांत मोडायची, असा हा नियम आहे, आणि मला विचाराल तर ड्राफ्ट करून स्वतः वाढवलेल्या पोरांसाठी तरी यात सूट हवी होती.

साइन-अँड-ट्रेड करून काय मिळतं?

कॅप स्पेस नसलेल्या टीमला फ्री एजंट घ्यायचा असेल तर जुनी टीम त्याला साइन करून लगेच ट्रेड करते. किंग्जनी २०२४ ला डिमार डिरोझनला शिकागोकडून असाच आणला, हॅरिसन बार्न्स सॅन अँटोनियोला गेला. किंमत एकच, अशा रीतीने प्लेअर घेणारी टीम त्या सीझनभर पहिल्या एप्रनच्या वर एक डॉलर जाऊ शकत नाही. तिथे सॉफ्ट कॅप हार्ड होते. फुल मिड-लेव्हल वापरलं तरी तेच.

मिलवॉकीने लिलर्डला ११३ मिलियन देऊन घालवलं हे खरं का?

खरं. करार रद्द केला तरी पैसे द्यावेच लागतात, फक्त कॅपवर ते लांबवता येतात, उरलेली वर्षं गुणिले दोन अधिक एक. लिलर्डची दोन वर्षं उरली होती, म्हणजे पाच. दरवर्षी साडेबावीस मिलियन, न खेळणाऱ्या माणसाचे, २०३० पर्यंत. हे कशासाठी, तर इंडियानाचा मायल्स टर्नर बसवायला जागा हवी होती. लिलर्ड अकिलीस फाटलेला, वर्षभर खेळणार नव्हताच, तो आरामात पोर्टलंडला घरी परत गेला आणि तिथून वेगळा पगार.

असे लांबवलेले पैसे कॅपच्या १५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत. फिनिक्सला ब्रॅडली बीलला असंच सोडायचं होतं पण आधीचे दोन छोटे करार असे लांबवलेले होते, गणित बसेना, मग बीलनेच जवळपास १४ मिलियन सोडले तेव्हा कुठे तो दरवर्षी १९.४ वर आला आणि क्लिपर्सकडे गेला.

कोणी कमी पैसे घेतं का हो खरंच?

घेतात. नोविट्झकीने २०१४ ला डॅलसमध्ये तीन वर्षांचे २५ मिलियन घेतले, बाहेरून मॅक्स मिळत असताना. जेलन ब्रन्सनने २०२४ ला न्यूयॉर्कबरोबर चार वर्षांचे १५६.५ केले, एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचे २६९. पण त्याला नुसता दानशूर समजू नका, लवकर सही केल्यामुळे तो लवकर परत मोकळा होईल आणि तेव्हा दहा वर्षंवाला ३५ टक्के मिळवू शकेल. तरी, मधल्या काळात टीमला श्वास घ्यायला जागा मिळाली हे खरंच.

टेबलाखालून दिले तर कोणाला कळणार?

मिनेसोटाला पण असंच वाटलं. जो स्मिथशी त्यांनी लेखी गुप्त करार केला, की आता थोडी वर्षं कमी पैशात खेळ, बर्ड राइट्स तयार होऊ दे, मग तुला घसघशीत देऊ. २००० ला उघड झालं, पाच पहिल्या राउंडचे पिक्स काढून घेतले (काही नंतर परत मिळाले), साडेतीन मिलियन दंड, करार रद्द. लेखी! ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर निदान त्यावर सही तरी करू नये.

वेळेआधी बोलणी करण्याला टॅम्परिंग म्हणतात, ब्रन्सनसाठी न्यूयॉर्कने सेकंड राउंड पिक गमावला, पी. जे. टकर आणि डॅन्युएल हाउससाठी फिलाडेल्फियाने दोन. पहाटे ३:३० ला उघडतं आणि ३:३१ ला चार वर्षांचा करार ठरल्याची बातमी येते, एका मिनिटात कोणी जिल्हा परिषदेचं टेंडरसुद्धा भरत नाही.

बातमी आली म्हणजे करार झाला ना?

नाही! ६ जुलैपर्यंत मोरेटोरियम असतं, बहुतेक सह्या तेव्हा होतच नाहीत, सगळं शब्दावर. २०१५ ला क्लिपर्सच्या डिआँड्रे जॉर्डनने डॅलसला शब्द दिला आणि मग त्याचं मन पालटलं. क्लिपर्सचे लोक थेट त्याच्या ह्यूस्टनच्या घरी, वाटेत सगळे ट्विटरवर इमोजी टाकतायत, कोणी विमान, कोणी गाडी, पॉल पिअर्सने तर रॉकेटचं चित्र टाकलं कारण त्याला इमोजी टाकताच येईना. ब्लेक ग्रिफिनने दाराला टेकवलेल्या खुर्चीचा फोटो टाकला. रात्री बारा वाजून गेल्यावर सही झाली आणि डॅलस हात चोळत बसलं.

प्लेअरच्या हातात पूर्ण पगार येतो?

दहा टक्के एस्क्रोमध्ये (बाजूला राखून ठेवायला) कापतात. सगळ्यांचे पगार मिळून ठरलेल्या वाट्याच्या वर गेले तर ते मालकांना, नाही गेले तर प्लेअरला परत. इन्कम टॅक्स आणि एजंट वेगळे.

एखाद्या टीमकडे जागा आहे का हे आपलं आपण कसं काढायचं?

पुढच्या सीझनचे पक्के करार जोडा. ज्यांच्याकडे प्लेअर ऑप्शन (पुढचं वर्ष राहायचं की सोडायचं हे स्वतः ठरवायचा हक्क) आहे ते राहतील असं धरा, मोठा पगार असेल तर शक्यतो राहतातच, लेब्रॉन पण २०२५ ला ५२.६ घेऊन राहिला. त्यात आपल्या फ्री एजंट्सचे होल्ड टाका, पहिल्या राउंडच्या पिकचे पैसे टाका, लांबवलेल्या करारांचा मेलेला पैसा टाका, बारा माणसं होत नसतील तर प्रत्येक रिकाम्या जागेमागे रूकीचा मिनिमम. मग कॅपमधून वजा करा. मी हे वहीच्या मागच्या पानावर करतो आणि दहापैकी आठ वेळा उत्तर शून्याच्या खाली येतं. तसं आलं की ग्रुपवर अमका स्टार आपल्याकडे येणार म्हणून नाचणाऱ्याला फक्त एवढंच विचारा, कुठल्या एक्सेप्शनमधून?